ट्रकचा हवापालट

ट्रकला ताप आलाय, हे निदान सरांनी केलं ते एका मंगळवारी सकाळी नवाच्या सुमाराला, आणि त्यासाठी त्यांनी वापरला तो घरातला एकुलता एक थर्मामीटर. बोनेटखाली, इंजिन जिथून हवा आत ओढतं त्या नळीच्या तोंडाशी, त्यांनी तो सुतळीने बांधला. ड्रायव्हरमामांना इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः मनगटावरच्या घड्याळात बघत उभे राहिले. चौथ्या मिनिटाला 'टक्' असा आवाज झाला. माणसाच्या तापासाठी बनवलेल्या त्या काचेने बेचाळीस अंशांवर हात टेकले होते. दुसरा कोणी हळहळला असता. सरांचा चेहरा उजळला.

"बघितलंत?" ते म्हणाले. "मोजता येणार नाही इतका ताप आहे!"

मामांनी वीस वर्षांत नाना प्रकारचे ट्रक चालवले होते, पण ट्रकच्या काखेत थर्मामीटर लावणारा माणूस ते पहिल्यांदाच बघत होते. "सर, इंजिन आहे ते," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "गरम असतंच."

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. ट्रक सरांचा नव्हता. सरांच्या मालकीचं म्हणजे शाळेत चौतीस वर्षं शिकवलेलं भौतिकशास्त्र, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं एक भिंतीवरचं घड्याळ. ट्रक होता त्यांच्या बायकोचा, म्हणजे सगळी सोसायटी जिला काकू म्हणते तिचा. काकूंची रोपवाटिका होती, आणि ती त्यांनी सरांचा सल्ला न घेता वाढवली होती. वाढली त्याचं कारणही तेच, असं काकू म्हणत. सरांना रोपवाटिकेत पाऊल टाकायची मनाई होती. ती का, हे सांगत बसलो तर गोष्ट लांबेल. एवढंच सांगतो, की ठिबक सिंचनात 'सुधारणा' झाली होती आणि त्यात सहाशे गुलाब होते.

तर घाटावर एक नवं इस्पितळ झालं होतं आणि त्यांना बागेसाठी दोन हजार रोपं हवी होती. काकूंच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. नमुन्याची पहिली खेप त्या मोठ्या हौसेने स्वतः घेऊन गेल्या. उघड्या ट्रकमध्ये वाऱ्याने पानं फाटतात म्हणून रोपं बंद पेटीच्या ट्रकमधून गेली. तीन तासांच्या घाटाला ट्रकने पाच तास घेतले, वर ऊन चढलं, आणि पेटी उघडली तेव्हा सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. इस्पितळाच्या बागेचं बघणाऱ्या बाई मोठ्या करड्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पेशंट पुष्कळ आहेत, आणखी नकोत." मग काकूंचा चेहरा बघून त्यांना थोडी दया आली असावी. पुढच्या सोमवारी, अकराच्या आत, टवटवीत रोपं दिसली तर काम तुमचं, नाहीतर दुसरीकडे देते, असं सांगून त्यांनी ट्रक परत पाठवला. घाटरस्ता सकाळी सातच्या आधी ट्रकला बंद असायचा, त्यामुळे लवकर निघायची सोय नव्हती.

काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आणि सरांना, खरं सांगायचं तर, बायकोच्या काळजीने वाईट वाटत होतं तितकंच आतून बरंही वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. गॅस संपला का, दूध आलं का, एवढेच प्रश्न त्यांच्या वाट्याला येत. आता एक खराखुरा प्रश्न घरात आला होता, आणि त्याचं उत्तर अकरावीच्या पुस्तकात होतं.

"सोपं आहे," ते दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढत म्हणाले. "गरम हवा विरळ, थंड हवा दाट. दाट हवेत प्राणवायू जास्त. प्राणवायू जास्त तर जळण चांगलं, जळण चांगलं तर ताकद जास्त. आपला ट्रक बिचारा स्वतःच्याच इंजिनाची वाफाळलेली हवा हुंगतोय. त्याला बाहेरची थंड हवा दिली की घाट तीन तासांत चढलाच म्हणून समज. समजा, घर्षण नाही..."

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही त्या ट्रकला हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतोय? हवा लावतोय."

दुसरा ट्रक भाड्याने मिळतो का, याची चौकशी काकूंनी तीन ठिकाणी केली होती आणि तिन्हीकडून नकार आला होता. बुडत्याने सरांचा हात धरावा, तशातला तो प्रसंग होता. "रविवारपर्यंत," त्या म्हणाल्या. "सोमवारी सातला ट्रक निघाला पाहिजे. नाही निघाला, तर..."

ट्रक सोसायटीच्या आवारात उभा राहिला आणि बातमी पसरायला अर्धा तासही लागला नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले खुर्ची घेऊनच आले. या गृहस्थांनी जन्मात कुठलंही वाहन चालवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची मतं अगदी स्वच्छ होती. "पाइपात बर्फ ठेवा," ते म्हणाले. सरांनी बर्फ वितळतो हे नम्रपणे सांगितलं. "मग वाटेत ठिकठिकाणी बर्फ घ्या." समोरच्या इमारतीतले एक जण रोज चालायला जाताना थांबत आणि बोनेट उघडं ठेवूनच गाडी चालवावी असं सुचवत. मग ड्रायव्हरला समोरचं दिसणार कसं, असं विचारलं की ते "तेवढं बघावं लागेल" म्हणून पुढे जात. गुरुवारी सोसायटीच्या चेअरमननी फळ्यावर सूचना लावली : 'आवारात वाहनांची वैद्यकीय तपासणी करू नये.' सरांनी ती दोनदा वाचली आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

गॅरेजवाला मिस्त्री मात्र भला माणूस. त्याने नळीचं तोंड बघितलं, कान खाजवला आणि सांगितलं, "पाइप सहा इंची पाहिजे सर, आणि गरमीने वितळणारा नको." सर घरी आले. स्वयंपाकघरात शेगडीवरचा धूर बाहेर टाकणारी चिमणी होती आणि तिच्या मागे, भिंतीच्या भोकात जाणारा, चकचकीत, लवचीक, बरोबर सहा इंची पाइप होता. असे योग आयुष्यात फार येत नाहीत. काकू रोपवाटिकेत होत्या. सरांनी स्टुलावर चढून पाइप सोडवला, आणि त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी फोडणी टाकल्यावर दोघंही खोकत खोकत गॅलरीत आली.

"पाइप कुठे गेला?"

"घाटावर जाणार आहे," सर म्हणाले.

शुक्रवारी पाइप बसला. बोनेटच्या बाजूने बाहेर निघून तो केबिनला वळसा घालत टपाच्या वर हातभर गेला होता आणि टोकाला पुढे वाकला होता. सरांना तो भारी देखणा वाटला. बँकवाले म्हणाले, "परवानगी घेतलीत का? गाडीच्या आकारात बदल म्हणजे परवानगी लागते. मी कागदपत्रांतला माणूस आहे, सांगून ठेवतो." सर आयुष्यभर नियमाने वागलेले. कागद नसताना रस्त्यावर जायचं म्हटल्यावर त्यांचं मन खायला लागलं. ते तडक वाहन कार्यालयात गेले.

तिथे तीन नंबरच्या खिडकीने विचारलं, इंजिनातला बदल की बॉडीतला? सर म्हणाले, हवेतला. तीन नंबरने त्यांना सातकडे पाठवलं, सातने बाराकडे. बारा नंबरच्या खिडकीत एक टक्कल पडायला लागलेला कारकून बसला होता. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि उभा राहिला.

"सर! ओळखलंत का? तुम्ही मला फिजिक्समध्ये दोनदा नापास केलं होतं."

सरांना क्षणभर हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

"आकृती लागेल सर," कारकून अत्यंत आदराने म्हणाला. सरांनी तिथेच बाकावर बसून काढून दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. "भागांना नावं दिलेली नाहीत." सरांनी नावं दिली. "बाणांच्या दिशा?" सरांनी दिशा दाखवल्या. "रेघा हाताने काढल्यात, पट्टी कुठे आहे?" सर बाहेर जाऊन पट्टी विकत घेऊन आले. कारकुनाने आकृती लांब धरली, डोळे बारीक केले आणि सुस्कारा सोडला. "अभ्यास आहे सर तुमचा. पण नियमात बसत नाही. पाइप गाडीच्या बाहेर बोटभरसुद्धा आलेला चालणार नाही. जे काही करायचं ते आतल्या आत करा, मग परवानगीच लागत नाही." आणि आकृतीवर त्याने लाल शाईने मोठी फुली मारली. आजूबाजूच्या खिडक्यांतून चार माणसं बघत होती. सर कागद घडी करून खिशात घालून बाहेर पडले. कान लाल झाले होते, पण पोराने फुली बरोबर जागी मारली होती हे त्यांना मान्य करावं लागलं.

आतल्या आत! हे शब्द घेऊन ते शनिवारभर ट्रकभोवती फिरले. ट्रकच्या आत थंड जागा कुठली? इंजिन तर भट्टी. केबिनमध्ये मामा बसत, तीही काही थंड नव्हती. उरली मागची पेटी. बंद, सावलीतली, मागच्या दारांना वर झरोके असलेली. झरोक्यांवर ओल्या गोण्या लावल्या तर आत येणारी हवा थंड होऊनच येईल. अंगावर ओला कपडा घेतला की गार वाटतं, तेच तत्त्व. पाइप केबिनच्या खालून नेऊन पेटीच्या पुढच्या भिंतीला लावायचा, आणि इंजिनाने तिथली गार हवा प्यायची. बोटभरसुद्धा काही बाहेर नाही. नळीचं तोंड जागेवर आवळून धरणारा जुना पट्टा आता आखूड पडत होता, तेव्हा तो कापून टाकला. पेटीला सहा इंची भोक मिस्त्रीने पाडलं, रविवारी दुपारी, काकू रोपं मोजत असताना. पानं आत ओढली जाऊ नयेत म्हणून भोकावर जाळी हवी होती. पिठाची चाळणी बरोबर बसली.

काकूंना भोक दिसलं ते सोमवारी पावणेसात वाजता, तीनशे रोपं भरून झाल्यावर.

"हे काय आहे?"

"हवेची सोय," सर म्हणाले.

"माझ्या पेटीला भोक पाडलंत? आणि ही माझी चाळणी?"

आता रोपं उतरवायला वेळ नव्हता. काकूंनी डोळे मिटले, दहापर्यंत मोजलं, बहुधा वीसपर्यंत, आणि म्हणाल्या, "चला, बसा. बंद पडला तर ढकलायला कोणीतरी लागेल." ही काही आमंत्रणाची भाषा नव्हे. पण तीन वर्षांत काकू पहिल्यांदा सरांना कामावर बरोबर नेत होत्या, आणि सर मधल्या जागेवर बसले तेव्हा त्यांना इतका आनंद झाला होता, की मांडीत लागणारा गिअरचा दांडाही त्यांनी गोड मानून घेतला.

पहिला तास झकास गेला. ट्रक वाऱ्यासारखा पळत होता. "फरक जाणवतोय ना मामा?" सरांनी विचारलं.

"सर, हा उतार आहे."

चढ लागला आणि गडबड सुरू झाली. आधी वास आला. चिमणीच्या पाइपात सात वर्षांच्या स्वयंपाकाचं तेल साचलं होतं. ते इंजिनाच्या उष्णतेने पातळ झालं आणि ट्रकच्या मागे तळणीचा खमंग वास दरवळायला लागला. एका मोटारसायकलवाल्याने बाजूने येऊन खिडकीत डोकावून विचारलं, "गरम काय आहे?" मामांनी "इंजिन" म्हणून सांगितलं. मग ट्रक धापा टाकायला लागला, मागून काळा धूर निघायला लागला, आणि तिसऱ्या वळणावर त्याने साफ नकार दिला.

मामांनी हवेचा फिल्टर काढला. त्यात गोण्यांचे तंतू आणि रोपवाटिकेची बारीक माती यांची छान वाकळ तयार झाली होती. सरांच्या कॅलेंडरावरच्या गणितात घर्षण नव्हतं, तशी धूळही नव्हती. मामांनी फिल्टर दगडावर आपटून झाडला. काकू म्हणाल्या, तो पाइप उपटून फेका. पण पट्टा कापलेला होता. पाइप काढला तर नळी उघडीच लोंबकळणार. तेव्हा तसंच जायचं, दर अर्ध्या तासाने थांबायचं आणि फिल्टर झाडायचा, एवढाच मार्ग उरला. दर थांब्यावर सर पाण्याचा कॅन घेऊन मागे जात आणि वाळलेल्या गोण्या पुन्हा चिंब करत. काही उपयोग नव्हता हे त्यांनाही कळत होतं, पण हातावर हात ठेवून उभं राहणं त्याहून कठीण होतं. एकदा पाय घसरून अर्धा कॅन त्यांच्या अंगावर सांडला.

साडेदहा वाजले, अकरा वाजले. अकरा वाजता काकूंनी घड्याळाकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि त्यांनी पदराने डोळा टिपला तो धुळीमुळे नव्हता हे सरांना दिसलं.

"चुकलं माझं," सर म्हणाले. चौतीस वर्षांत वर्गात हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. "मला वाटलं होतं, आपलाही काही उपयोग होईल."

मामांनी सबंध लक्ष रस्त्यावर लावलं, जरी समोर सरळ रस्ता होता.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी ट्रक इस्पितळाच्या फाटकात शिरला. पहिल्या खेपेपेक्षाही चाळीस मिनिटं जास्त. ऊन डोक्यावर आलं होतं. बागेच्या बाई फाटकाशीच उभ्या होत्या, हातात वही. "अकरा म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या.

"हो," काकू म्हणाल्या. त्यांनी सबब सांगितली नाही. "उघडायचीसुद्धा गरज नाही. आम्ही परत नेतो."

"आलाच आहात तर बघते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः कडी काढली.

मामांनी इंजिन अजून बंद केलं नव्हतं. बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती. दार उघडलं आणि आतून गार झुळूक बाईंच्या तोंडावर आली. तीनशेच्या तीनशे रोपं ताठ उभी होती. पानांवर ओल होती. एका कोपऱ्यातल्या जास्वंदीने तर वाटेत एक कळी उमलवली होती.

काकू पेटीत चढल्या. त्यांनी एका पानाला हात लावला, दुसऱ्याला लावला. मग पुढच्या भिंतीशी जाऊन त्यांनी चाळणीसमोर तळहात धरला. हवा सुळ्ळकन आत ओढली जात होती. त्यांनी मागे वळून झरोक्यांवरच्या ओल्या गोण्यांकडे बघितलं, मग खाली, अर्ध्या भिजलेल्या सरांकडे. पावणेसहा तास इंजिन त्या पेटीतली हवा ओढून घेत होतं, आणि जेवढी ओढत होतं तेवढी गार हवा गोण्यांमधून आत येत होती. इंजिनाचा जीव मेटाकुटीला आला होता, पण रोपांनी सगळा घाट थंड वाऱ्यात बसून पार केला होता. हे काकूंना कळलं. गंमत म्हणजे सरांना अजून कळलं नव्हतं. ते तोंड उघडं ठेवून जास्वंदीकडे बघत होते.

"एवढ्या उन्हात ही अशी कशी राहिली?" बाईंनी विचारलं. "मागच्या वेळी तर..."

सरांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ते खरं बोलणारे गृहस्थ. "त्याचं असं आहे," ते घाईघाईने म्हणाले, "वास्तविक आमचा हेतू वेगळाच..."

"यांनी केलंय ते," काकू पेटीतून मोठ्याने म्हणाल्या. "मुद्दाम. फिजिक्सचे आहेत हे." आणि त्यांनी एक जड कुंडी उचलून सरांच्या दोन्ही हातांत दिली. हातात कुंडी असली की माणसाला फार बोलता येत नाही.

बाईंनी सरांकडे आपादमस्तक बघितलं, ओल्या शर्टासकट. मग वहीत काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं. "उशिराचं मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक खेप अशीच आली पाहिजे. दर बुधवारी एक, सगळी रोपं पुरी होईपर्यंत."

रोपं उतरवून झाली. सर फाटकाजवळच्या कट्ट्यावर शर्ट वाळवत बसले होते. काकू येऊन शेजारी बसल्या.

"मुद्दाम का म्हणालीस?" सरांनी हळूच विचारलं. "मुद्दाम नव्हतं ते."

"मला काय माहीत नाही?" काकू म्हणाल्या. त्यांनी सरांच्या कॉलरला चिकटलेला गोणीचा एक तंतू काढून टाकला. "परवा बुधवारी दुसरी खेप आहे. वाटेत गोण्या भिजवायला माणूस लागेल. तुम्हाला जमेल का?"

सरांनी खिशातून डायरी काढली. बुधवारचं पान उघडलं. ते कोरं होतं. त्याच्या आधीची कोरी होती आणि नंतरची तर वर्षाच्या शेवटापर्यंत कोरी होती. ते पान त्यांनी काकूंना दिसणार नाही असं तिरपं धरलं, कपाळाला आठ्या घालून नीट तपासलं, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले, "बघतो. जमवावं लागेल."